सह्याद्री कितव्या नंबरावर?

एकाच वाडीत शेजारी शेजारी दोन घरं आहेत असं धरू. पहिल्याच्या पत्र्यावर डीडी फ्री डिशची, म्हणजे प्रसार भारतीच्या फुकट डीटीएच सेवेची, छत्री आहे. छत्रीचे आणि बॉक्सचे पैसे एकदा भरले, पुढे महिन्याची भानगड नाही. दुसऱ्या घरात केबल आहे आणि महिना भरला की वसुलीला माणूस येतो. भारताचा सामना सुरू होतो. पहिल्या घरात डीडी स्पोर्ट्सवर तो दिसतो. दुसऱ्या घरात तीच वाहिनी लावली तर भलताच कार्यक्रम चालू असतो. नाव तेच, कोपऱ्यातला लोगो तोच, फक्त सामना गायब.

लोक अशा वेळी केबलवाल्याला फोन करून फैलावर घेतात. त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. दोन कायद्यांच्या मधल्या फटीत तो सामना पडला आहे. २००७ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानं असं ठरवलं की राष्ट्रीय महत्त्वाचे सामने, हक्क कुणीही विकत घेतलेले असोत, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचे. पण कशासाठी? तर तिच्या स्वतःच्या अँटेनाच्या आणि डीटीएचच्या जाळ्यावर दाखवण्यासाठी. दुसरीकडे १९९५ च्या केबल कायद्याचं कलम ८ म्हणतं, केबलवाल्यानं दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत, आणि त्यातल्या कोणत्याही कार्यक्रमात काटछाट न करता. वर्षानुवर्षं हे दोन कायदे हातात हात घालून चालले. दूरदर्शनला सामना मिळायचा आणि दूरदर्शनसोबत तो केबलवरही पोचायचा. हक्कांसाठी प्रचंड रक्कम मोजणाऱ्या कंपन्यांना हे सलणं साहजिक होतं, कारण मग त्यांची पैसे भरून घ्यायची वाहिनी कोण घेणार? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात, आणि २२ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल लागला की २००७ च्या कायद्याखाली मिळालेलं प्रक्षेपण प्रसार भारतीनं आपल्याच जाळ्यापुरतं वापरावं, कलम ८ च्या आडून ते केबलवर जाऊ नये.

कायद्याचे शब्द बघता निकाल चुकीचा म्हणवत नाही. कायदाच तसा लिहिलाय. पण निकालानंतर जे उरलं ते विचित्र आहे. कलम ८ नुसार केबलवाला दूरदर्शनच्या वाहिनीला कात्री लावू शकत नाही, म्हणून आता दूरदर्शनच आपल्या वाहिनीला कात्री लावून केबलवाल्याच्या हाती देतं. सरकारनं २०१८ मध्ये २००७ चा कायदा दुरुस्त करण्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला, सूचना मागवल्या, आणि पुढे त्याचा कायदा काही झाला नाही.

मला वाटतं, गोम क्रिकेटपेक्षा खोल आहे. केबल आणि डीटीएचवाल्यांनी सार्वजनिक वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत, ही सक्ती हवी. मी तिच्या बाजूचा आहे. पण आपल्याकडे ती सक्ती दूरदर्शनचा हक्क म्हणून लिहिली गेली, प्रेक्षकाचा हक्क म्हणून नाही. म्हणून वाहिन्यांची यादी लांबत गेली आणि ज्या माणसासाठी ती सक्ती असायला हवी, त्याला आपल्या राज्याची, आपल्या जिल्ह्याची खबर देणारा पडदा मिळाला नाही.

थोडं मागं जाऊ. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास शहरांतल्या गच्च्यांवर मोठ्या छत्र्या उभ्या राहिल्या आणि तिथून काळ्या वायरी या इमारतीवरून त्या इमारतीवर, झाडावरून, विजेच्या खांबावरून घराघरांत गेल्या. परवाना नाही, नियम नाही. सरकारला जाग आली ती १९९४ च्या सप्टेंबरात, वटहुकूम काढून. त्याचाच १९९५ मध्ये कायदा झाला. त्यात केबलवाल्यानं दूरदर्शनच्या निदान दोन वाहिन्या, त्याही केबलवाल्याच्याच पसंतीच्या, दाखवाव्यात एवढंच म्हटलं होतं. कुठं दाखवाव्यात, ते म्हटलं नव्हतं. तो ॲनालॉगचा जमाना. वायरीतली जागा मोजकी आणि तीही सारखी नाही. खालच्या पट्ट्यातली चित्रं स्वच्छ, वरच्या पट्ट्यातल्या वाहिन्या जुन्या टीव्हीला पकडताच येत नसत, पकडल्या तर नुसत्या मुंग्या. चांगली जागा पैसे देणाऱ्या खासगी वाहिनीला विकली जायची. या रकमेला धंद्यात 'कॅरेज फी' म्हणतात आणि एके काळी ती वाहिनी चालवण्याच्या खर्चातली फार मोठी बाब होती. फुकट दाखवायच्या दूरदर्शनला चांगली जागा कोण देणार?

एसटीला गावचा थांबा मंजूर करावा आणि गाडीनं प्रवाशांना फाट्यावरच उतरवून पुढं जावं, तसा हा प्रकार होता. २००० साली संसदेनं तो ओळखला. दुरुस्ती झाली ती अशी : दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि राज्याच्या भाषेतली एक वाहिनी, आणि त्या 'प्राइम बँड'मध्ये, म्हणजे चित्र स्वच्छ दिसेल अशा जागी. योगायोग असा की आपली सह्याद्री वाहिनी, जी १९९४ मध्ये डीडी-१० म्हणून सुरू झाली होती, तिला सह्याद्री हे नावही २००० मध्येच मिळालं.

या एका दुरुस्तीत दोन शहाण्या गोष्टी होत्या. नुसतं असणं पुरत नाही, सापडण्याजोगं असावं लागतं, हे कायद्यानं मान्य केलं. आणि सक्तीला गावाचा, राज्याचा पत्ता जोडला.

पुढं डिजिटल आलं. मुंबई ऑक्टोबर २०१२ अखेर, मग मार्च २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर वगैरे, आणि मार्च २०१७ पर्यंत उरलेला सगळा मुलूख. त्यासाठी २०११ मध्ये कलम ८ पुन्हा लिहिलं गेलं. आता केंद्र सरकारनं राजपत्रात नावं द्यायची, ती सगळी केबलवाल्यानं दाखवायची. प्राइम बँड आणि 'ज्या राज्यात केबलचं जाळं आहे त्या राज्याच्या भाषेतली वाहिनी' हे दोन्ही शब्द राहिले, पण कुठं? तर जिथं डिजिटल अजून आलेलं नाही अशा भागांपुरत्या एका परंतुकात. आज असा भाग कायद्यानं उरलेलाच नाही. म्हणजे वाहिनी सापडायला हवी आणि ती त्या मुलखाची हवी, या दोन्ही अटी ॲनालॉगच्या वायरीबरोबरच गुंडाळल्या गेल्या. कुणी मुद्दाम कट केला असं मी म्हणत नाही. वायरीत आता जागा मुबलक आहे, मग भांडण कशाचं, असा साधा विचार झाला असावा.

भांडण संपलं नव्हतं, त्याची जागा बदलली होती. आता टंचाई वायरीत नाही, रिमोट धरलेल्या माणसाच्या चिकाटीत आहे. बॉक्स चालू करा. आपण काल जी वाहिनी बघत होतो ती लागत नाही, एखादी वृत्तवाहिनी कर्कश आवाजात अंगावर येते. ही 'लँडिंग' जागा पैसे देऊन घेतलेली असते. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, डिसेंबर २०१८ मध्ये याला मनाई केली, तर टीडीसॅट या दूरसंचार लवादानं २०१९ मध्ये तो आदेशच रद्द केला. त्यानंतर नंबरांचं जंगल. ट्रायच्या नियमानं बातम्या बातम्यांत, सिनेमे सिनेम्यांत, आणि त्यात पुन्हा भाषेप्रमाणे वाहिन्या लावायच्या. ठीक आहे. पण सह्याद्रीचा नंबर एका कंपनीच्या बॉक्सवर एक, दुसऱ्याच्या बॉक्सवर दुसरा. मुलानं मोठ्या हौसेनं डीटीएच बदलून दिलं की घरातल्या आजीची सातच्या बातम्यांची सवय मोडते. रिमोटवर तीन आकडे दाबायचे, ते कोणते हे कुणी सांगायचं? मग ती जे लागलंय तेच बघते.

यादीचंही असंच. राजपत्रातल्या यादीत दूरदर्शनच्या आणि संसदेच्या मिळून पंचवीसच्या आसपास वाहिन्या, आणि यादी देशभर एकच. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धती लागू झाली तेव्हा हे लोकांच्या खिशाला जाणवलं. १०० वाहिन्यांच्या जागेसाठी १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे, आणि त्या शंभरातला पाव हिस्सा सक्तीच्या वाहिन्यांनी आधीच अडवलेला. कोल्हापुरातल्या माणसानं स्वतःच्या पैशानं काश्मिरी, पंजाबी, तमिळ, बांगला अशा झाडून सगळ्या वाहिन्यांची जागा विकत घ्यायची. ओरड झाली. २०२० मध्ये ट्रायनं सक्तीच्या वाहिन्या मोजणीतून बाहेर काढल्या आणि तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्यायला लावल्या. २०२४ मध्ये तर त्या शुल्कावरची कमाल मर्यादाच उठवली. ज्याची ओरड होती ते निदान कागदावर मिटलं.

इथं मला एक आडवा मुद्दा मान्य करावा लागतो. देशभर एकच यादी आहे म्हणूनच बेळगावच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या केबलवर सह्याद्री असायलाच हवी असं कायदा सांगतो. '२००० सारखी राज्याच्या भाषेची एकच वाहिनी सक्तीची करा' म्हटलं, तर बेळगावात कन्नड वाहिनी सक्तीची होईल आणि मराठी घराला सह्याद्री केबलवाल्याच्या मर्जीवर मिळेल. धारावीतल्या तमिळ कुटुंबाचंही तेच. त्यामुळे यादी छाटा, अशी सरळ मागणी मी करणार नाही. यादी राहू द्या. पण यादीत असणं आणि हाताशी असणं यांत फरक करा. त्या त्या राज्याच्या सार्वजनिक वाहिनीला त्या राज्यात एकच ठरलेला, लहान, लक्षात राहणारा नंबर द्या, बॉक्स कुठल्याही कंपनीचा असो. गोव्यासाठी २०१९ मध्ये दूरदर्शननं वेगळी वाहिनी फ्री डिशवर आणली. ती गोव्यात त्या नंबरावर, इथं सह्याद्री. याला तांत्रिक अडचण काहीच नाही. अडचण एवढीच की पहिले नंबर विकता येतात.

अमेरिकेत हेच भांडण वेगळ्या रीतीनं सोडवलंय आणि मला ते सगळं पटत नाही, पण त्यातलं एक घेण्यासारखं आहे. तिथल्या १९९२ च्या केबल कायद्यानं स्थानिक टीव्ही केंद्राला दर तीन वर्षांनी निवड दिली : एक तर आम्हाला फुकट दाखवाच असा हट्ट धरा, नाही तर दाखवायचे पैसे मागा आणि सौदा जमला नाही तर बंद राहा. केबल कंपन्या भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९९७ मध्ये पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमतानं सक्ती टिकली. उपग्रहवाल्यांना १९९९ मध्ये सांगितलं गेलं की एखाद्या शहरातलं एक स्थानिक केंद्र दाखवणार असाल तर त्या शहरातली मागणी करणारी सगळी दाखवावी लागतील. पैसे मागण्याच्या मुभेचा परिणाम असा झाला की सौदे फिसकटून वाहिन्या अंधारात जाऊ लागल्या. २०१३ च्या ऑगस्टात न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांत एका केबल कंपनीच्या लाखो ग्राहकांना महिनाभर सीबीएस ही मोठी वाहिनी दिसली नाही. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२३ मध्ये दरांच्या वादात मोठ्या खासगी वाहिन्यांनी अनेक केबल जाळ्यांचं प्रक्षेपण तोडलं होतं, ते आठवत असेल. तेव्हा तो सौद्याचा भाग आपल्याला नको. घ्यायचं ते एवढंच की तिथं सक्तीच्या मुळाशी 'स्थानिक' हा शब्द आहे. ज्या गावात केंद्र, त्या गावात त्याचा हक्क.

आणि इथंच आपली खरी पंचाईत होते, कारण आपल्याकडे स्थानिक केंद्र म्हणावं असं आहे काय? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला ते दिसू लागलं. पुढे गावोगाव लहान प्रक्षेपक उभे राहिले, पण ते वरून आलेलं खाली सोडणारे. गावाचं म्हणून त्यातून काही निघालं नाही. मार्च २०२२ पर्यंत मोजके सोडून ते सगळे ॲनालॉग प्रक्षेपक बंदही झाले. खासगी कंपनीला अँटेनावरून टीव्ही दाखवायची मुभा या देशात कधीच मिळाली नाही. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं होतं, पण त्या मालमत्तेतून सांगलीला किंवा चंद्रपूरला स्वतःचं टीव्ही केंद्र आलं नाही.

त्याची जागा भरली ती केबलवाल्याच्या लोकल चॅनलनं. सुशिक्षित लोक त्याची टिंगल करतात, मी करत नाही. पडद्याचे तीन तुकडे असतात. एका बाजूला साड्यांच्या सेलची स्थिर जाहिरात, मध्ये गावातल्या व्याख्यानमालेचं किंवा गणपती मिरवणुकीचं थोडं हलणारं चित्रण, आणि खाली सरकती पट्टी : उद्या अमुक पेठेत पाणी येणार नाही, तमुक यांचा दशक्रिया विधी घाटावर सकाळी अमुक वाजता, नगरसेवकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. ती पट्टी लोक वाचतात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी चढत होतं, तेव्हा सांगली-कोल्हापूरच्या माणसाला मुंबईच्या स्टुडिओतली चर्चा नको होती. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, राजाराम बंधाऱ्यावर किती, कोयनेतून विसर्ग वाढवला का, आणि आपल्या गल्लीपर्यंत यायला किती वेळ, हे त्याला हवं होतं. एवढं बारीक सांगायला राज्याच्या वाहिनीलाही वेळ नसतो.

या लोकल चॅनलसाठी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयानं ३० नोव्हेंबर २०२२ ला नियमावली काढली. वाहिनीमागे १,००० रुपये नोंदणी शुल्क, केबलच्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त लोकल चॅनल नाहीत, आणि स्थानिक बातम्या देणारी संस्था नोंदणीकृत कंपनी असली पाहिजे. इथवर समजू शकतो. गावातला पुढारीच केबलचा मालक आणि तोच बातमीचा मालक, ही गोष्ट नवी नाही, त्यामुळे कुणाचं काय आहे याची नोंद असलेली बरी. पण त्याच नियमावलीत असंही आहे की एका केबल कंपनीचं लोकल चॅनल तिच्याच जाळ्यावर दिसावं, दुसऱ्या कुणाला ते थेट किंवा आडमार्गानंही देऊ नये. अपवाद एकच आहे : देवळं, गुरुद्वारे अशा धर्मस्थळांचं थेट चित्रण वाटून घेता येतं. म्हणजे आरती सगळ्या गावाला, पुराची पातळी मात्र ज्याची वायर त्याच्याच गिऱ्हाइकाला. समोरच्या घरात डीटीएच असेल तर त्याला नाहीच.

आता नेहमीचा आक्षेप. टीव्ही बघतो कोण? सगळं मोबाईलवर आलं, प्रसार भारतीनंसुद्धा नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात वेव्हज नावाचं ओटीटी काढलं, केबलचे ग्राहक कमी होताहेत. खरं आहे. जे गेले ते परत यायचे नाहीत. पण राहिलेत कोण ते बघा. डेटा पुरवून वापरणारे, डोळ्यांना लहान पडदा न झेपणारे, रेंज नसलेल्या वाड्यांतले. सार्वजनिक सेवा त्यांच्यासाठीच असते. आणि मोबाईलवर पुराच्या दिवशी खऱ्या पातळीबरोबर मागच्या पुराचे व्हिडिओ किती फिरतात, हे नदीकाठच्या कुणालाही विचारा.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : सरकारच्या ताब्यातल्या वाहिनीला लोकांच्या घरात घुसवायची सक्ती का करावी? हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. सह्याद्रीच्या बातम्यांत सरकारचा सूर जास्त असतो हे मान्य. पण त्यावरचा उपाय वाहिनी जंगलात हरवून टाकणं हा नव्हे. सक्तीच्या बदल्यात काही मागायला हवं. यादीत संसदेची वाहिनी आहे, पण विधिमंडळाची नाही, कारण कलम ८ मध्ये फक्त दूरदर्शन आणि संसद आहे. ज्या सभागृहात आपल्या उसाचे, शाळांचे, पाण्याचे प्रश्न निघतात त्याचं कामकाज विनाकाटछाट दाखवणं ही सह्याद्रीच्या त्या ठरलेल्या नंबरची किंमत असावी. तशीच रोजची जिल्हावार खिडकी. मुंबईखेरीज पुण्यात, नागपुरात दूरदर्शनची केंद्रं आहेत, डिजिटल केबलवर जिल्ह्यागणिक वेगळं चित्र सोडता येतं. करणार असाल तर नंबर घ्या.

प्रसार भारतीलाही आरसा दाखवायला हवा. दुसऱ्यांच्या जाळ्यावर तिला फुकट जागा हवी असते, पण स्वतःच्या फ्री डिशवरच्या जागा ती खासगी वाहिन्यांना लिलावात विकते, कोट्यवधींना. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या फुकट वाहिन्या तिथून काढल्या आणि २०२० मध्ये पुन्हा आणल्या, तेव्हा ती जागा किती मोलाची आहे हे सगळ्यांना कळलं. लिलावाला माझा विरोध नाही. पण जी संस्था दुसऱ्याच्या बॉक्सवर सार्वजनिक हिताचा दाखला देते, तिनं आपल्या बॉक्सवर निदान आपत्तीच्या दिवसांत एखादी जागा जिल्ह्यांच्या खबरीसाठी मोकळी ठेवावी.

क्रिकेटचं दुखणं कायद्याशिवाय बरं होणार नाही. २०१८ चा मसुदा पुन्हा काढावा लागेल आणि हक्कवाल्या कंपन्या त्याला जीव तोडून विरोध करतील. ठरलेल्या नंबरासाठी ट्रायला पुन्हा सल्लामसलत, पुन्हा टीडीसॅट, वर्षं जातील. पण लोकल चॅनलच्या नियमावलीतलं ते बंधन मंत्रालयानंच घातलंय, त्याला संसद लागत नाही. धर्मस्थळांच्या अपवादापुढे 'पूर, दरड, पाणीपुरवठा आणि प्रशासनाच्या सूचना' एवढे शब्द घातले की पुढच्या पावसाळ्याच्या आत काम होतं.